फिरंगी पाते, मराठी मूठ : प्रतिकृती तलवार विकत घेताना

१/
तुळजापूरला दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या भाविकाच्या पिशवीत सहसा तीन वस्तू असतात : हळदीकुंकवाची पुडी, कवड्यांची माळ आणि आई भवानीची तसबीर. त्यातील अनेक तसबिरींत देवी शिवछत्रपतींना तलवार देताना दिसते. अलीकडे या तिन्हींत चौथ्या वस्तूची भर पडली आहे : खुद्द ती तलवार. मखमली म्यान, पितळी मूठ, चकचकीत पाते आणि विकणाऱ्याचे आश्वासन, की 'ही हुबेहूब भवानी तलवार आहे.' महाद्वाराबाहेरची दुकाने असोत, शिवजयंतीच्या सुमारास लागणारे तात्पुरते मंडप असोत की मोबाइलच्या पडद्यावरील बाजार, आश्वासन सगळीकडे तेच.

हा धागा त्या 'हुबेहूब' या शब्दाविषयी आहे.

२/
आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. प्रतिकृती बाळगणे यात हास्यास्पद काही नाही. अभ्यासक मंडळी अशा तलवारीकडे पाहून नाक मुरडतात, पण वस्तूची नक्कल करून ती जवळ बाळगण्याची हौस धाराशिव जिल्ह्याला तरी नवी नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या नगराचा उल्लेख आहे आणि रोमन जगाशी त्याचा व्यापार चालत असे. या तेरच्या मातीत रोमन नाण्यांच्या भाजलेल्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. सम्राटाचा मुखवटा नाण्यावरून साच्यात उतरवायचा, मातीत ठसा घ्यायचा, वर दोरा ओवण्यापुरते भोक ठेवायचे आणि ते पदक गळ्यात घालायचे. सोन्याचे नाणे परवडत नव्हते, म्हणून मातीचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेरकराला आपण रोमन सम्राटाची नक्कल मिरवतो आहोत याचा संकोच वाटत नव्हता. आज मात्र तीच नक्कल तेरच्या लामतुरे संग्रहालयाच्या दृष्टीने अस्सल पुरावस्तू आहे.

तेव्हा प्रश्न नकलेचा नाही. नक्कल कशाची आहे हे घेणाऱ्याला ठाऊक आहे का, एवढाच प्रश्न आहे.

३/
आणि इथेच बाजारातील 'भवानी तलवार' नापास होते. कारण अस्सल भवानी तलवार कशी होती हे दाखवणारा निर्विवाद नमुना आज कोणाच्याही हाती नाही. ज्याचा मूळ नमुना निश्चित नाही, त्याची हुबेहूब प्रतिकृती बनणार कशी?

दोन तलवारींची नावे वारंवार घेतली जातात. पहिली साताऱ्याच्या राजघराण्याकडील. ती दीर्घकाळ भवानी म्हणून पूजली गेली, परंतु तिच्यावरील लेखात नाव आहे शाहू महाराजांचे. दुसरी लंडनमधील राजघराण्याच्या संग्रहात आहे. १८७५–७६ मध्ये इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. तेव्हा करवीरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून ती त्याला भेट म्हणून गेली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने दिलेली ही 'भेट' कितपत स्वेच्छेची होती, हे सांगायला नको. १९८० साली मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी भवानी तलवार परत आणण्याची घोषणा केली, ती याच तलवारीसंबंधी. मात्र कोल्हापूरच्या परंपरेत या तलवारीचे नाव 'जगदंबा' असे आहे.

४/
या दोन तलवारींचा वाद इतका रंगतो, की लंडनमधील तलवारीविषयीची सर्वांत रंजक गोष्ट मागे पडते. तिचे पाते युरोपीय आहे.

५/
हे वाचताच समाजमाध्यमांवर एक ठरावीक प्रतिक्रिया उमटते. 'महाराजांची तलवार परदेशी कशी असेल?' मग कोणी पुरावा मागतो, कोणी शिव्या घालतो, कोणी 'इंग्रजांचा कट' म्हणतो. प्रतिक्रियेमागची भावना समजण्यासारखी आहे. इतिहास मात्र त्या भावनेला अनुकूल नाही, आणि त्यात बिघडत काहीच नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत दख्खनेत युरोपीय पात्यांना मोठा मान होता. पोर्तुगीज गलबतांतून ही पाती गोव्याला व कोकणच्या बंदरांत उतरत. लांब, सरळ, लवचीक. इथला शिकलगार त्यावर इथली मूठ चढवी. अशा तलवारीला मराठीत सरळ नाव होते : फिरंग. फिरंग्यांकडून आलेली ती फिरंग. नावातच मूळ सांगितलेले होते आणि ते लपवावे असे कोणाला वाटत नव्हते.

बखरीत नोंदलेली एक परंपरा तर असे सांगते, की कोकणातील सावंतांकडून एक फिरंग शिवरायांकडे आली आणि तिच्या बदल्यात ३०० होन दिले गेले. ती बखर उत्तरकालीन आहे, म्हणून या आकड्यावर हात ठेवून शपथ घेता येणार नाही. पण एवढे खरे, की बखरकाराला राजाने परदेशी पात्यासाठी पैसे मोजण्यात काहीच खटकले नाही. खटकते ते आपल्याला.

६/
नुकतेच घडलेले उदाहरण याहून बोलके आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांच्या नावाची तलवार महाराष्ट्र शासनाने विकत घेतली. खर्च सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, ढोलताशांत स्वागत झाले. आता ती तलवार पाहा. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पाते युरोपीय बनावटीचे, एकधारी. आणि पात्याच्या पाठीवर सुवर्णाक्षरांत देवनागरी लेख : रघुजींचे नाव, 'सेनासाहेबसुभा' हा त्यांचा किताब आणि शेवटी 'फिरंग' हा शब्द.

बंगालपर्यंत धडक मारणाऱ्या मराठा सरदाराने आपल्या तलवारीवर सोन्याने काय लिहवून घेतले, तर ही फिरंग आहे. मालकालाच ज्याचा अभिमान होता, ते आजच्या चाहत्याने का झाकावे?

७/
आता थोडे दूर, स्कॉटलंडला जाऊ. प्रतिकृती तलवारींच्या जागतिक बाजारात स्कॉटिश तलवारीइतकी मागणी फार थोड्या शस्त्रांना आहे, आणि तिची कहाणी आपल्या फिरंगेशी विलक्षण जुळते.

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील योद्ध्यांची ओळख झालेली तलवार म्हणजे जाळीदार मुठीची रुंद, सरळ तलवार. हाताच्या पंजाभोवती लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा, आत कातड्याचे किंवा कापडाचे अस्तर. मूठ स्कॉटिश, ग्लासगो आणि स्टर्लिंगचे कारागीर तिच्यासाठी प्रसिद्ध होते. पाते मात्र बहुधा जर्मनीतील झोलिंगेन गावचे! त्यावर नाव कोरलेले असे 'आंद्रेया फेरारा' या इटालियन कारागिराचे. खरा आंद्रेया सोळाव्या शतकात उत्तर इटलीतील बेल्लूनो परिसरात काम करत होता. त्याच्या नावाची पाती मात्र त्याच्यामागे दीडशे-दोनशे वर्षे जर्मनीत निघत राहिली, कारण त्या नावाला स्कॉटलंडमध्ये गिऱ्हाईक होते. याच नावाचे ठसे हिंदुस्थानी मुठी चढवलेल्या फिरंगांच्या पात्यांवरही आढळतात.

८/
म्हणजे एकाच बाजारपेठेतून निघालेले पाते एकीकडे स्कॉटलंडच्या डोंगरात, दुसरीकडे सह्याद्रीच्या डोंगरात. दोन्हीकडे स्थानिकांनी आपल्या हाताला, आपल्या लढण्याच्या रीतीला मानवेल अशी मूठ चढवली. आपल्याकडे रुंद परज, आतून गादी, मुठीच्या टोकाला पुढे आलेला गज, म्हणजे प्रसंगी दुसरा हात लावून दोन्ही हातांनी वार करता येतो. पाते लवू नये म्हणून मुठीपासून थोड्या अंतरापर्यंत त्यावर आधारपट्ट्या. तिकडे पूर्ण जाळी. दोन्हीकडे ती तलवार 'आमची' झाली.

आणि गंमत अशी, की दोन्हीकडे बनावटगिरीही चालली. झोलिंगेनचा लोहार इटालियन किंवा स्पॅनिश कारागिराचे नाव ठोकत होता, तर हिंदुस्थानातील लोहार जिनोव्हाच्या पात्यांवरील अर्धचंद्राकृती, दातेरी खूण आपल्या पात्यावर कोरत होता. 'इम्पोर्टेड' माल म्हणून खपवण्याची युक्ती तीन-चारशे वर्षे जुनी आहे. संग्रहालयातील काचेआडच्या 'अस्सल' तलवारीवरील मुद्राही अशी नकली असू शकते!

९/
वीराच्या नावाच्या तलवारीचे काय होते, याचा धडाही स्कॉटलंडच देतो. स्टर्लिंगजवळच्या स्मारकात विल्यम वॉलेसची म्हणून एक दुहाती तलवार ठेवली आहे. लांबी सुमारे १६३ सेंटिमीटर. वॉलेसला १३०५ मध्ये ठार मारले गेले. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १५०५ मध्ये, राजा चौथा जेम्स याने या तलवारीला नवी मूठ बसवून घेतल्याची नोंद मिळते. पातेही वेगवेगळ्या तुकड्यांचे असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तरीही लोक ती पाहायला जातात, तिच्या प्रतिकृती घेतात.

मूठ बदलणे हा तलवारींच्या जगात अपवाद नव्हे. आपल्याकडे तर पाते मुठीत लाखेने किंवा राळेने पक्के करत. तापवली की लाख सुटते, मूठ निघते, दुसरी बसते. आजोबांचे पाते, बापाची मूठ आणि नातवाचे म्यान अशी तलवार घराण्यात सहज असे. म्हणून 'ही तलवार कोणत्या काळातली' या प्रश्नाला पुष्कळदा एक उत्तर नसते. पात्याचे वय वेगळे, मुठीचे वेगळे. साताऱ्याच्या वा लंडनच्या तलवारीविषयी हिरिरीने भांडणाऱ्यांनी हा साधा मुद्दा ध्यानात घेतला, तर निम्मे भांडण आपोआप मिटेल.

१०/
तलवार शोभेची वस्तू केव्हा होते? ती लढाईतून बाद झाल्यावर. आणि बहुतेकदा ती कायद्याने काढून घेतली गेल्यावर.

स्कॉटलंडमध्ये १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या रणांगणावर डोंगरी टोळ्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी शस्त्रबंदी कडक झाली, डोंगरी पोशाखावरही बंदी आली. पोशाखावरील बंदी उठली १७८२ मध्ये. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्याच्यासाठी असा सोहळा मांडला, की शतकापूर्वी 'रानटी' ठरवलेला तो वेष आणि ती तलवार साऱ्या राष्ट्राचे प्रतीक बनून गेली. ज्यांनी शस्त्रे हिसकावली, त्यांच्याच दिवाणखान्यांत ती लटकू लागली.

आपल्याकडे १८५७ नंतर निःशस्त्रीकरण झाले आणि १८७८ मध्ये शस्त्र कायदा आला. घरोघरच्या तलवारी जप्त झाल्या, विहिरीत गेल्या, विळे-कोयते झाल्या. उरल्या त्या दसऱ्याला पूजेपुरत्या. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने रायगडावर शिवोत्सव भरला तेव्हा महाराष्ट्रात तलवार हे वापरातले शस्त्र राहिलेले नव्हते, ती स्मृती झाली होती. स्मृतीलाच प्रतिकृती लागते.

११/
आणखी एक स्कॉटिश धागा, थेट आपल्याशी बांधलेला. जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून वाघनखे आली, तीन वर्षांच्या कराराने. ती इंग्लंडला पोचली जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्यामार्फत. हा स्कॉटलंडमधील बॅन्फचा माणूस, साताऱ्याचा पहिला रेसिडेंट आणि १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक. वाघनखांची पेटी स्कॉटलंडमध्ये बनली आणि तिच्यावर मजकूर कोरला गेला, की शिवाजीने मोगल सेनापतीला ठार मारले ती ही वाघनखे.

मोगल सेनापती! अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता हे महाराष्ट्रातील चौथीचे पोर सांगेल. तुळजापूरच्या वाटेने आलेल्या त्या स्वारीची आठवण तर या जिल्ह्याच्या लोककथांत अजून जिवंत आहे. पेटीवरील एक चुकीची ओळ मात्र पिढ्यानपिढ्या वस्तूबरोबर प्रवास करत राहिली. हीच वाघनखे महाराजांनी वापरली याची खातरजमा करता आलेली नाही, असे ते संग्रहालय स्वतः सांगते. संग्रहालयाचा हा प्रामाणिकपणा आपल्याकडे अनेकांना अपमान वाटला. वास्तविक तो आदर्श मानायला हवा.

१२/
इथे एक आक्षेप अपेक्षित आहे. 'भाविक तुळजापूरहून तलवार नेतो ती श्रद्धेपोटी. त्याला पात्याचे गोत्र कशाला हवे?'

आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. नवरात्रात तुळजाभवानीच्या अलंकार महापूजा मांडल्या जातात, त्यात 'भवानी तलवार अलंकार' ही एक पूजा असते. देवी तलवार देते आहे, राजा ती घेतो आहे. त्या दर्शनाला कोणत्याही शस्त्रतज्ज्ञाच्या दाखल्याची गरज नाही. महाराजांच्या हयातीतील 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही देवी आणि तिचा प्रसाद या भावनेला मोठे स्थान आहे. समकालीनांची ती श्रद्धा हाही इतिहासच. देवीचा प्रसाद आणि फिरंगी पाते यांत विरोध मानण्याचे कारण नाही. प्रसादाचा नारळ कोणत्या बागेतला, हे कोणी विचारत नाही.

गोंधळ होतो तो देव्हाऱ्यातली वस्तू भिंतीवर 'ऐतिहासिक नमुना' म्हणून टांगली जाते तेव्हा. दुकानदाराचे वाक्य मग पाहुण्यांना सांगितले जाते, पाहुण्यांकडून शाळेतल्या भाषणात येते, भाषणातून फलकावर जाते. दहा वर्षांनी कोणी खरी फिरंग दाखवली तर तीच खोटी वाटते.

१३/
बाजारातील बहुसंख्य 'भवानी' पाहिल्या, तर त्यांत इतिहास कमी आणि चित्रपट अधिक दिसतो. पाते बरेचदा अवाजवी वक्र आणि रुंद. मुठीवर सिंहाचे तोंड, पात्यावर यंत्राने कोरलेली राजमुद्रा. राजमुद्रा ही कागदावर उमटवायची वस्तू होती, पात्यावर मिरवायची नव्हे. वजनाचे तर विचारू नये. 'महाराजांची तलवार इतकी जड, की सामान्य माणसाला उचलणार नाही' हे ऐकून कारागीरही लोखंड चढवत जातो. लढाईची एकहाती तलवार, मग ती मराठा असो, राजपूत असो वा स्कॉटिश, साधारण एक ते दीड किलोच्या आसपास असते. तासन्‌तास चालवायचे हत्यार जड करण्याइतके आपले पूर्वज अडाणी नव्हते. जड तलवारीच्या कथेत गौरव नाही, उलट लढण्याच्या कलेचे अज्ञान आहे.

१४/
घ्यायचीच असेल तर काय पाहावे? थोडक्यात आणि व्यवहाराचे.

भिंतीवर लावायची तलवार आणि मर्दानी खेळात फिरवायची तलवार या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शोभेच्या तलवारीचे पाते बहुधा स्टेनलेस स्टीलचे असते. ते गंजत नाही, पण लांब पात्यात ते ठिसूळ ठरते. मुठीच्या आत पात्याचा भाग पुष्कळदा बोटाएवढ्या बारीक दांड्याने जोडलेला असतो. अशी तलवार जोरात फिरवली तर पाते मुठीतून सुटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकते. आखाड्यात फिरवायची असेल तर वस्तादांना विचारावे, मोबाइलला नव्हे.

सरळ पाते मागावे. लांब खाच असलेले, म्यानात सहज जाणारे, बोथट. मूठ कोणत्या घाटाची, हे विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही तर तोही एक बोध आहे.

१५/
कारागिरीची वानवा आहे अशीही स्थिती नाही. देहरादूनमध्ये १९४३ साली सुरू झालेला विंडलास स्टीलक्राफ्ट्स हा कारखाना जगभर तलवारी पाठवतो. युरोपच्या, अमेरिकेच्या भिंतींवर अभिमानाने लटकणाऱ्या स्कॉटिश प्रतिकृतींपैकी कित्येक तिथे घडलेल्या असतात. कधी काळी युरोपचे पाते येऊन इथे मराठी मूठ ल्याले. आज स्कॉटिश जाळीची मूठही हिंदुस्थानी हातांनी घडते आणि उलट्या दिशेने निघते. ज्या देशात स्कॉटलंडची तलवार मापाबरहुकूम तयार होऊ शकते, तिथे रघुजींच्या फिरंगेची मापाबरहुकूम प्रतिकृती बनवणे अवघड असायचे कारण नाही. अडचण आहे ती मागणीची. गिऱ्हाईक सिंहाचे तोंड मागते, म्हणून सिंहाचे तोंड मिळते.

१६/
आता या विषयातील सर्वांत कमी रंजक, पण धाराशिवसारख्या जिल्ह्यातील तरुणासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग : कायदा.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे, तीत धारदार शस्त्रे येतात. केवळ खेळणे म्हणूनच वापरता येईल आणि ज्याचे चालू हत्यारात रूपांतर करता येणार नाही, अशी वस्तू तीतून वगळलेली आहे. नियमांत तलवारीसारख्या शस्त्रांसाठी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते ही मर्यादा येते, आणि केंद्र सरकारने अधिसूचना काढलेल्या प्रदेशात अशी शस्त्रे बाळगण्यास परवाना लागतो. शिवाय सण-उत्सवांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश निघतात. त्या काळात सार्वजनिक जागी तलवार बाळगणे हाच गुन्हा होतो.

'प्रतिकृती' हा शब्द पावतीवर छापला म्हणून धारदार पाते खेळणे ठरत नाही. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये औरंगाबाद आणि पिंपरी-चिंचवड येथे कुरिअरने मागवलेल्या तलवारी पोलिसांनी मोठ्या संख्येने जप्त केल्या, त्या घरपोच सेवेनेच आल्या होत्या.

१७/
वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, चित्रफीत काढायची, ती समाजमाध्यमांवर टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात उभे राहायचे, ही बातमी आता मराठवाड्यातच नव्हे तर महाराष्ट्रात कुठेही नवी राहिलेली नाही. चित्रफीत हाच पुरावा, तोही स्वतःच पुरवलेला.

ज्या मुलांवर असे गुन्हे नोंद होतात त्यांचे वय पाहावे. वीस, बावीस, चोवीस. याच वयात याच गावांतील मुले पहाटे चारला उठून पोलीस भरतीसाठी धावत असतात, अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके घोकत असतात. दुष्काळी पट्ट्यात, जिथे शेतीचा भरवसा नाही, तिथे घरातील एका मुलाला सरकारी नोकरी लागणे म्हणजे घराचा कायापालट. आणि नियुक्तीपूर्वी होते चारित्र्य पडताळणी. पाच मिनिटांच्या चित्रफितीपायी नोंदलेला गुन्हा तिथे उभा ठाकतो. कोर्टाच्या तारखा वेगळ्या, वकिलाची फी वेगळी. केक कापताना ज्या भाऊंनी, दादांनी पाठीवर थाप मारली, ते त्या दिवशी तालुक्याच्या न्यायालयाबाहेर सहसा दिसत नाहीत.

अशा मुलाला इतिहासाचे प्रेम नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रेम आहे म्हणूनच तलवार आहे. त्याच्या हाती आपण वस्तू दिली, तिची कथा दिली नाही. ज्याला ठाऊक आहे की हे पाते कोणत्या बंदरात उतरले असेल, ही मूठ कोणी चढवली असेल, या घाटाला काय म्हणत, त्याला त्या तलवारीने केक कापावासा वाटणे जरा कठीणच.

१८/
म्हणून एक साधी मागणी करता येईल. तुळजापूरच्या मंदिर परिसराचा विकास, यात्रेकरूंसाठी सोयी, शिवकालाची दृश्ये यांवर बराच खर्च आणि बरीच चर्चा होत असते. त्यातच एका दालनात धोप, फिरंग, पट्टा, खांडा आणि वक्र तलवार अशा पाच प्रतिकृती शेजारी शेजारी मांडता येतील. बोथट, मापाबरहुकूम, वजनासह, हातात घेऊन पाहता येतील अशा. खाली पाटी : पाते कुठले, मूठ कुठली, कोणत्या संग्रहालयातील कोणत्या तलवारीवरून बनवली. संग्रहालये आपल्या तलवारींची मापे कारागिरांना उपलब्ध करून देऊ शकतात. रघुजींची फिरंग तर आता शासनाच्याच मालकीची आहे. तिच्या मापांसाठी लंडनला अर्ज करावा लागणार नाही.

१९/
तोवर घेणाऱ्याच्या हाती एक गोष्ट आहे. घरी भिंतीवर तलवार असेल तर तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लावावी. 'भवानी तलवार' असे नव्हे. 'दख्खनी फिरंगेच्या धर्तीवरील शोभेची तलवार. पाते बोथट. अमुक साली तुळजापूरहून आणली.' पाहुणा विचारील, फिरंग म्हणजे काय? मग त्याला बसवून गोव्याचे बंदर, झोलिंगेनचा लोहार आणि रघुजींची सुवर्णाक्षरे सांगता येतील. चहा दोनदा करावा लागेल.